शहर-मुत्सद्देगिरीचं प्रशिक्षण: माणसाला की खुर्चीला?

पीएचडीसाठी विषय शोधताना 'सिटी डिप्लोमसी' हा शब्द तुमच्यापैकी अनेकांना भेटला असेल. एका शहराने परदेशातल्या शहराशी, आंतरराष्ट्रीय संस्थेशी किंवा तिकडच्या विद्यापीठाशी थेट संबंध ठेवणं, हा त्याचा ढोबळ अर्थ. मराठीत आपण त्याला शहर-मुत्सद्देगिरी म्हणू. या विषयावरचं लिखाण वाचत गेलात की शेवटी एक शिफारस हमखास येते: स्थानिक अधिकाऱ्यांना याचं प्रशिक्षण द्या. शिफारस इतकी निरुपद्रवी वाटते की तिच्याशी कुणी वाद घालत नाही. आज आपण घालू या. आणि त्यासाठी मुंबई-पुणे बाजूला ठेवून त्र्यंबकेश्वर घेऊ.

त्र्यंबकेश्वरच का, असं तुम्ही विचाराल. संकल्पना मोठ्या शहरांसाठी बनलेली असते आणि मोठ्या शहरांवरच तपासली जाते. मग ती बरोबर दिसणारच. ती कुठे तुटते हे बघायचं असेल तर टोकाचं उदाहरण घ्यावं लागतं. प्रयोगशाळेत आपण उपकरण मधल्या मापावर तपासून थांबत नाही, टोकालाही तपासतो. तसंच हे.

व्याख्या कुठे अडते

२००७ मध्ये नेदरलँड्समधल्या क्लिंगेंडाल संस्थेने रॉजिअर व्हॅन डेर प्लाइम आणि यान मेलिसन यांचा शहर-मुत्सद्देगिरीवरचा निबंध प्रसिद्ध केला. या क्षेत्रात आजही सगळे तिथूनच सुरुवात करतात. त्यांच्या मांडणीचा सारांश असा: शहरं आपलं आणि आपल्या हिताचं प्रतिनिधित्व करण्यासाठी आंतरराष्ट्रीय पटावरच्या इतरांशी ज्या संस्थांमधून आणि प्रक्रियांमधून संबंध जोडतात, ती शहर-मुत्सद्देगिरी. तिच्या सहा बाजू ते सांगतात: सुरक्षा, विकास, अर्थकारण, संस्कृती, शहरांची जाळी आणि प्रतिनिधित्व.

निबंध चांगला आहे, वाचाच. पण वाचताना 'शहर' या शब्दाखाली रेघ मारा. लेखकांच्या डोळ्यांपुढचं शहर एका आवाजात बोलतं. त्याला महापौर आहे, महापौराला अधिकार आहेत, त्याच्या हाताखाली परराष्ट्र-संबंध बघणारा कक्ष आहे.

आता त्र्यंबकला या. इथे 'शहर' म्हणजे नक्की कोण? नगरपरिषद 'क' वर्गाची, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या बारा हजारांच्या आसपास. ज्योतिर्लिंगाचं मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संरक्षित स्मारक, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीत. मंदिराचा कारभार देवस्थान ट्रस्टकडे. कुंभाच्या काळात जिल्हाधिकारी, पोलीस आणि २०२५ च्या कायद्याने आलेलं नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण. शिवाय कुशावर्तावर स्नानाला येणारे शैव परंपरेचे आखाडे, ज्यांच्या संमतीशिवाय मिरवणुकीचा क्रम ठरत नाही. उद्या परदेशातल्या एखाद्या तीर्थक्षेत्राच्या पालिकेने पत्र पाठवलं, तर ते कुणाच्या टेबलावर जाईल? यातल्या प्रत्येकाला पत्राचा थोडा थोडा संबंध लागतो, आणि म्हणून बहुधा कुणीच उत्तर देत नाही.

राज्यघटनेतही हा पेच आहे आणि तो मोठा मजेदार आहे. सातव्या अनुसूचीत परराष्ट्र व्यवहार आणि परदेशांशी करार हे विषय केंद्राच्या सूचीत आहेत, नोंद १० आणि १४. स्थानिक स्वराज्य राज्य सूचीत, नोंद ५. तीर्थयात्रांची तर वाटणीच केलेली आहे: भारताबाहेरच्या तीर्थयात्रा केंद्राकडे, बाकीच्या राज्याकडे, राज्य सूचीतली नोंद ७. म्हणजे त्र्यंबकची यात्रा राज्याचा विषय. पण त्याच यात्रेबद्दल परदेशी संस्थेशी औपचारिक बोलायचं म्हटलं की केंद्र आलं. युनेस्कोने डिसेंबर २०१७ मध्ये कुंभमेळ्याची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत नोंद केली. त्या करारात पक्षकार आहे भारत सरकार. वारशाची स्थिती काय, याचा अहवाल दर सहा वर्षांनी द्यायचा तोही भारत सरकारने. प्रत्यक्षात तो वारसा ज्या गल्ल्यांतून चालत जातो, त्या झाडण्याचं काम मात्र नगरपरिषदेकडे.

तेव्हा पहिली टीका ही: प्रशिक्षणाच्या आराखड्यात 'शहर' हा एकच पक्ष धरलेला असतो. त्र्यंबकच्या अधिकाऱ्याला बाहेरच्यांशी बोलण्याआधी आतल्या सहा जणांशी बोलावं लागतं. ते शिकवल्याशिवाय पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

पण एवढ्या छोट्या गावाला याची गरज काय?

हा प्रश्न तुम्हाला व्हायव्हात नक्की विचारला जाईल, म्हणून त्याचं उत्तर नीट तयार ठेवा.

२७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या कुंभात चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले. पुढचा कुंभ २०१५ चा. त्यात नाशिकची तिसरी पर्वणी १८ सप्टेंबरला होती, त्र्यंबकची २५ सप्टेंबरला. २४ सप्टेंबरला, म्हणजे त्र्यंबकच्या पर्वणीच्या आदल्या दिवशी, मक्केजवळच्या मिना इथे हजच्या वेळी चेंगराचेंगरी झाली. सौदी सरकारचा अधिकृत आकडा ७६९ मृत्यूंचा, इतर मोजण्यांनुसार तो दोन हजारांच्या वर जातो. दोन ठिकाणं, दोन धर्म, पण प्रश्न एकच: अरुंद वाटेवर दोन बाजूंनी आलेली माणसं एकमेकांत अडकू नयेत यासाठी काय करायचं. त्र्यंबकचे स्वाभाविक सहाध्यायी न्यूयॉर्क किंवा टोकियो नाहीतच. ते मक्का आहे, फ्रान्समधलं लुर्द आहे.

लुर्द तर अगदी जुळतं. लोकसंख्या पंधरा हजारांच्या आत आणि वर्षाला येणारे यात्रेकरू लाखोंनी. तिथेही पालिका वेगळी आणि तीर्थस्थानाचा कारभार चर्चकडे. तिथली नदी ऑक्टोबर २०१२ मध्ये आणि पुन्हा जून २०१३ मध्ये फुगून थेट तीर्थस्थानात शिरली. आपला सिंहस्थ भर पावसाळ्यात, श्रावण-भाद्रपदात येतो. मग पाणी वाढत असताना यात्रा कधी थांबवायची, हा निर्णय कुणी आणि कशाच्या आधारे घ्यायचा, हे त्र्यंबकने लुर्दला विचारायला काय हरकत आहे?

इथे एक इशारा. कुंभावरचं सर्वात गाजलेलं परदेशी काम म्हणजे हार्वर्ड विद्यापीठाचा २०१३ च्या प्रयागच्या कुंभाचा अभ्यास. राहुल मेहरोत्रा आणि फेलिपे व्हेरा यांनी त्यावर २०१५ मध्ये पुस्तक काढलं. हिवाळ्यात नदीच्या कोरड्या पात्रात उभं राहणारं आणि पाणी वाढण्याआधी मोडून टाकलं जाणारं तंबूंचं महानगर, हा त्याचा विषय. ते काम मोलाचं आहे, पण त्र्यंबकमध्ये नदीचं विस्तीर्ण कोरडं पात्र नाही. डोंगराच्या पायथ्याचं जुनं गाव, मधोमध एक बांधीव कुंड आणि डोक्यावर पाऊस. म्हणून 'कुंभाचं आंतरराष्ट्रीय ज्ञान' असा शब्द दिसला की विचारा: कुठल्या कुंभाचं?

शिकवलं काय जातं

अशा प्रशिक्षणांचे विषय सहसा ठरलेले असतात: शिष्टाचार, सामंजस्य कराराचा मसुदा, शहरांच्या जागतिक जाळ्यांची ओळख, आपल्या शहराचं सादरीकरण. महाराष्ट्राला याची चव २०२३ मध्ये जी-ट्वेंटीच्या निमित्ताने मिळाली. पुण्यात जानेवारीत, छत्रपती संभाजीनगरला फेब्रुवारीत आणि नागपूरला मार्चमध्ये बैठका झाल्या. भिंती रंगल्या, दुभाजकांवर कुंड्या आल्या, पाहुण्यांची सरबराई नेटकी झाली. यजमानपण हे कौशल्यच आहे, त्याला नावं ठेवू नयेत. पण पाहुणे गेल्यावर पालिकेच्या हाती काय उरलं, हा प्रश्न विचारायचा तर यजमानपण आणि मुत्सद्देगिरी यांत फरक करावा लागतो.

शिष्टाचाराबद्दल आणखी एक गोष्ट. आखाड्यांच्या स्नानाचा क्रम, वेळ, मार्ग आणि मान ठरवण्याची बोलणी ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या होत आली, तिथल्या कर्मचाऱ्याला 'वाटाघाटी म्हणजे काय' हे पहिल्या धड्यापासून शिकवणं जरा विनोदीच आहे. कुणाला आधी बोलवायचं, कुणाचा शब्द लेखी घ्यायचा, कुठे गप्प बसायचं हे त्याला ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते हे ज्ञान कागदावर उतरवणं. चांगला प्रशिक्षक तिथून सुरुवात करील.

अधिकारपदांचा घोळही आहेच. परदेशी साहित्यातला 'मेयर' वाचून विद्यार्थी आपल्या महापौराकडे बघतात. आपल्याकडे महापालिकेत कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे असतात. नगरपरिषदेत नगराध्यक्ष लोकांनी थेट निवडलेला असला तरी प्रशासन मुख्याधिकाऱ्याच्या हाती. नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर काही वर्षं तिथे प्रशासकच होता. त्या काळात परदेशी महापौराने हस्तांदोलनासाठी हात पुढे केला असता, तर समोर लोकांनी निवडलेलं कुणीच नव्हतं.

तीन वर्षांचा माणूस, बारा वर्षांचं काम

आता मुख्य मुद्दा. मुख्याधिकारी राज्य संवर्गातला असतो. बदल्यांच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे शासकीय कर्मचाऱ्याचा एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा. कुंभ बारा वर्षांनी. साधा भागाकार करा: एका कुंभापासून दुसऱ्यापर्यंत खुर्चीवर किमान चार माणसं येऊन जातात, आणि बदली मुदतीआधी झाली तर जास्तच. पहिल्याला दिलेलं प्रशिक्षण चौथ्यापर्यंत कसं पोचणार? प्रशिक्षित अधिकारी विदर्भातल्या एखाद्या नगरपरिषदेत जातो, तिथे त्याला लुर्दचा काही उपयोग नाही. त्र्यंबकला नवा येतो, त्याला लुर्दचं नावही ठाऊक नाही. प्रमाणपत्र माणसाबरोबर जातं, गरज खुर्चीवर राहते.

याची दुसरी बाजू नाशिकमध्येच दिसते. २०१४-१५ मध्ये एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने 'कुंभथॉन' झालं. रासकर मूळचे नाशिकचे. कुंभासमोरच्या अडचणींवर स्थानिक विद्यार्थी, उद्योजक आणि परदेशी संशोधक एकत्र बसले. पावलांच्या दाबावरून गर्दी मोजणारी 'अशिओटो' नावाची चटई त्यातूनच निघाली आणि २०१५ च्या कुंभात वापरून पाहिली गेली. पुढे टीसीएसचं डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर हे केंद्र नाशिकमध्ये उभं राहिलं. यात कुठेही भगिनी शहराचा करार नव्हता, झेंडे नव्हते. तरी माझ्या मते अलीकडच्या काळातली या भागातली खरीखुरी शहर-मुत्सद्देगिरी हीच. बाहेरचं ज्ञान आलं, इथल्या प्रश्नावर बसलं, आणि काम पुढे नेणारी एक जागा तयार झाली. ती जागा पालिकेच्या बाहेर तयार झाली, हे मात्र लक्षात घ्या.

पुण्याचंही तसंच. सॅन होजेशी पुण्याचं भगिनी शहराचं नातं १९९२ पासूनचं आहे आणि ते तिकडच्या मराठी-भारतीय स्वयंसेवकांनी मोठ्या प्रमाणात जपलं. मुंबईचं योकोहामाशी १९६५ पासून, श्टुटगार्टशी १९६८ पासून. आयुक्त किती बदलले असतील! नातं टिकतं तेव्हा त्याला धरून ठेवणारी, बदली न होणारी कुणीतरी व्यक्ती, मंडळ किंवा दप्तर असतं. नाही तर नव्याचे नऊ दिवस.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात: प्रशिक्षण खुर्चीला द्या. म्हणजे काय? एक, बाहेरच्या प्रत्येक संपर्काची एक नस्ती, आणि पदभार देताना तिचा स्वतंत्र उल्लेख. दोन, ज्याची बदली सहसा गावाबाहेर होत नाही अशा परिषदेच्या स्वतःच्या कर्मचाऱ्याला, एखाद्या लिपिकाला, मुख्याधिकाऱ्याच्या शेजारी वर्गात बसवणं. तीन, परवानग्यांचा साधा तक्ता: कुठलं पत्र जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जाईल, परदेश दौऱ्याला परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी कधी लागेल, परदेशी पाहुणचार घेताना २०१० चा विदेशी योगदान कायदा कुठे आडवा येतो. परराष्ट्र मंत्रालयात राज्यांसाठी २०१४ पासून वेगळा विभाग आहे, हे तरी त्या टेबलाला ठाऊक हवं. चार, मदतीचा करार वाचायची सवय. नाशिक महापालिकेने जर्मनीच्या जीआयझेडच्या साह्याने उरलेलं अन्न आणि शौचालयांचा मैला यांपासून बायोगॅस आणि वीज करणारा प्रकल्प उभारला, तो २०१७ मध्ये सुरू झाला. अशा करारात उद्घाटनाच्या पानापेक्षा मदत संपल्यावर यंत्र कोण चालवणार, हे पान महत्त्वाचं.

यासाठी वेगळी अकादमी काढायची गरज नाही. मुंबईत १९२६ साली स्थापन झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था आहे, पुण्यात यशदा आहे. पालिकांचे कर्मचारी तिथे शिकायला जातातच. त्यांच्या नेहमीच्या अभ्यासक्रमात दोन तास मिळाले तरी पुरे.

मग संशोधन कसं कराल

प्रशिक्षणावरचे बरेच प्रबंध एका प्रश्नावलीवर उभे असतात: प्रशिक्षण आवडलं का? एक ते पाच गुण द्या. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: प्रतिक्रिया, शिकणं, वागणुकीतला बदल आणि परिणाम. प्रश्नावली पहिल्याच पायरीवर थांबते. चहा-नाश्ता चांगला असला तरी तिथे पाचपैकी चार मिळतात.

तुम्ही तिसरी पायरी मोजा, आणि माणसाची नको, कार्यालयाची मोजा. साधनं तुमच्या हाताशी आहेत. आवक-जावक नोंदवहीत परदेशी पत्रव्यवहाराच्या नोंदी किती, उत्तर किती दिवसांत गेलं? सभेच्या इतिवृत्तात तो विषय किती वेळा आला? पदभार हस्तांतरणाच्या कागदांत त्याचा उल्लेख आहे का? २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात नोंदींची प्रत्यक्ष पाहणी करण्याचाही हक्क आहे, नुसत्या प्रती मागवण्यापेक्षा तो वापरा. सर्वात चांगली कसोटी अधिकाऱ्याच्या बदलीनंतरची. नव्या अधिकाऱ्याला सहा महिन्यांनी विचारा, आधीचा संपर्क कुठे आहे. त्याने नस्ती काढून दिली तर प्रशिक्षण लागलं. 'आधीच्या साहेबांना विचारा' असं उत्तर आलं तर नाही लागलं.

परिणामासाठी बारा वर्षं थांबायचीही गरज नाही. त्र्यंबकला दरवर्षी पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला लोटच्या लोट येतात. बाहेरून शिकलेली एखादी गोष्ट, समजा एकेरी मार्ग किंवा पाऊस वाढल्यावर वाट बंद करण्याचा नियम, या यात्रांत वापरली गेली का, हे दरवर्षी बघता येतं. तुलनेसाठी जवळपासचं दुसरं एखादं यात्रेचं गाव घ्या, जिथे असं प्रशिक्षण झालेलं नाही. नमुना लहान राहील, टक्केवारी मांडू नका. काय झालं ते क्रमाने, तारखेनिशी लिहा.

एक आक्षेप खरा आहे आणि तो प्रबंधात लपवू नका. 'क' वर्ग नगरपरिषदेत माणसंच कमी. ज्या लिपिकाकडे जन्म-मृत्यू नोंदणी, पाणीपट्टी आणि निवडणुकीचं काम आहे, त्याच्या गळ्यात लुर्दचा पत्रव्यवहार मारणं अन्यायाचं आहे. म्हणून खुर्चीला प्रशिक्षण देणं म्हणजे त्या खुर्चीचं दुसरं काही काम उतरवणंही आलं. ते न करता दिलेलं प्रशिक्षण म्हणजे आणखी एक रजिस्टर.

तर सुरुवात अशी करा. पुढच्या सिंहस्थाची धामधूम २०२७ मध्ये संपेल, पाहुणे परततील, अधिकाऱ्यांच्या बदल्यांचे आदेश निघतील. इतर अभ्यासक तेव्हा निघून गेलेले असतील. तुम्ही तेव्हा त्र्यंबकला जा, आणि नगरपरिषदेत आवक-जावक नोंदवही बघायला मागा.